प्लॉट होलवर भांडायला येताय? आधी हे वाचा (सांगलीच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवारी संध्याकाळी सांगलीत आमराईपाशी आमचा कट्टा जमतो, भडंगाचा पुडा मधी फोडायचा आणि बोलायला सुरुवात, फँटसी, सायफाय, सिनेमा, पुस्तक, सिरीज काहीही चालतं. नवीन कोण आलं की तेच ठरलेले प्रश्न येतात आणि सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. पुढं स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, जे बघायचं-वाचायचं राहिलंय तेवढा प्रश्न सोडून पुढं जावा.

प्लॉट होल म्हणजे तुम्ही नक्की काय धरता?

गोष्टीनं स्वतःच एक नियम सांगितला, मग स्वतःच तो मोडला, आणि तो मोडल्याशिवाय पुढचं काही घडूच शकत नव्हतं, तर ते प्लॉट होल. "असं कुठं असतंय का राव" एवढ्यावर कुणाला होल म्हणता येत नाही. लेखकानं एखादी गोष्ट सांगायची ठेवून दिली तर ती सांगितली नाही एवढंच झालं. पात्र चुकलं तर पात्र चुकलं, माणसं चुकतातच की.

आणि दुसरी अट, जिच्यावर सगळ्यात जास्त वाजतं: पुरावा पानावरचा नाहीतर पडद्यावरचा पाहिजे. लेखकानं दहा वर्षांनी मुलाखतीत काय सांगितलं, दिग्दर्शक कुठल्या कार्यक्रमात काय बोलला, ते ऐकायला आम्हाला पण आवडतं पण निकालात ते धरत नाही. ज्यानं तिकीट काढून सिनेमा बघितला किंवा वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं त्याच्या हातात जेवढं होतं तेवढ्यावर गोष्ट उभी राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे आणि ते काही बदलायचं नाही.

पण जादू आणि ड्रॅगन असलेल्या गोष्टीला लॉजिक लावायचं कशाला?

हा प्रश्न सांगलीत विचारला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' केलं, त्या काळच्या नाटकांत देव यायचे, वानर यायचे, राक्षस अलल डुर्र करत आरडाओरडा करत स्टेजवर घुसायचे, आणि लोक रात्र रात्र बसून बघायचे. राक्षस खरा असतो का असं कुणी उठून विचारत नव्हतं. पण त्याच प्रेक्षकांसमोर शिवधनुष्य दुसऱ्याच कुणी येऊन उचललं असतं तर पब्लिकनं नाटक बंद पाडलं असतं. प्रेक्षक अशक्य गोष्ट आनंदानं मान्य करतो, फक्त एकदा मान्य केली की ती पाळा एवढंच त्याचं म्हणणं असतं. उलट जादूच्या गोष्टीत नियम जास्त कडक पाहिजेत, कारण तिथं आपल्याला धरायला दुसरं काहीच नसतं.

गरुडांवर बसून अंगठी डायरेक्ट ज्वालामुखीत का नाही टाकली?

आला. हा प्रश्न आल्याशिवाय एक रविवार जात नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये दुष्ट सॉरॉनची अंगठी ज्वालामुखीत टाकायला फ्रोडो आणि सॅम चालत जातात, शेवटी गरुड येऊन त्यांना उचलून नेतात, मग सुरुवातीलाच का नाही नेलं, एवढी पायपीट कशाला, असा सवाल असतो. पुस्तकाचं आणि सिनेमाचं उत्तर वेगळं वेगळं द्यावं लागतं, आणि लोक इथंच घोटाळा करतात.

पुस्तकात (१९५४-५५) जादूगार गँडाल्फला सारूमानच्या मनोऱ्यावरून सोडवणारा गरुड ग्वाइहिर स्पष्ट सांगतो की मला निरोप पोचवायला पाठवलंय, ओझी वाहायला नाही. तो गँडाल्फला रोहनपर्यंत सोडतो आणि निघून जातो. त्याच्या आधीच्या 'हॉबिट'मध्ये तर गरुडांचा राजा माणसांच्या वस्तीजवळ जायलाच नकार देतो, का तर मेंढ्या पळवायला आलेत असं समजून लोक बाण मारतील. म्हणजे हे गरुड कुणाच्या हुकुमावर चालणारी विमानं नाहीत, त्यांची स्वतःची मर्जी आहे, त्यांना बाणाची भीती आहे, हे पानावर आहे. त्यात सगळी योजना गुपचूप जाण्याची, सॉरॉनच्या डोक्यात येऊच शकत नाही की अंगठी हातात असून कुणी ती नष्ट करायला निघेल. त्याच्या हद्दीत दिवसाढवळ्या एवढे मोठे पक्षी उडत आले असते तर त्याला कळायला कितीसा वेळ लागला असता? शेवटी गरुड आत घुसतात ते अंगठी वितळल्यावर, सॉरॉन संपल्यावर. तेव्हा पुस्तक माझ्या मते सुटतं. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेत इतके पर्याय चर्चेला येतात, समुद्रात टाकू म्हणतात, टॉम बॉम्बाडिलला देऊ म्हणतात, आणि गरुडांचं नाव कुणीच काढत नाही. तिथं एक वाक्य पाहिजे होतं, ते नाही.

सिनेमात (२००१ ते २००३) ग्वाइहिरचं ते वाक्यच नाही. पतंग किडा येतो, गँडाल्फ त्याच्याशी कुजबुजतो, गरुड हजर. फक्त सिनेमा बघितलेल्या माणसाला हे बोलावलं की येणारं वाहन वाटणार, त्यात त्याची काय चूक. सिनेमापुरता प्रश्न रास्त आहे.

लेखक टोल्किननी १९५८ साली एका पत्रात पटकथेवर शेरे लिहिताना गरुडांना धोकादायक यंत्र म्हटलेलं आणि आपण ते जपून वापरलंय असंही लिहिलेलं. म्हणजे त्यांना स्वतःला ही अडचण दिसत होती. पण ते पत्र आहे, कादंबरी नाही, त्यामुळं वरच्या नियमानं ते निकालात येत नाही. मला टोल्किन जीव की प्राण असले तरी येत नाही.

हर्मायनीकडं टाइम टर्नर होता, मग व्होल्डेमॉर्टला लहानपणीच का नाही संपवलं?

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात (१९९९) हर्मायनीकडं काळात मागं नेणारं यंत्र असतं, तो टाइम टर्नर; तिथं जे घडतं ते नीट वाचा. बकबीक नावाचा पंखवाला प्राणी आधी मेला आणि मग त्याला जिवंत केला असं काही होत नाही, तो पहिल्यापासूनच वाचलेला असतो, आपण कुऱ्हाडीचा आवाज ऐकून मेला असं समजतो. तळ्यापलीकडून पॅट्रोनस (रक्षण करणारी जादू) सोडणारा मागं आलेला हॅरीच असतो. म्हणजे जे झालं ते तसंच होणार होतं, मागं जाऊन काही पुसता येत नाही. या नियमानं व्होल्डेमॉर्टला मागं जाऊन मारणं शक्यच नाही.

पण त्याच पुस्तकात हर्मायनी सांगते की मागं गेलेल्या कित्येक जादूगारांनी चुकून स्वतःच्याच आधीच्या किंवा नंतरच्या रूपाला मारून टाकलंय. आता आधीच्या स्वतःला मारलं तर मागं गेलं कोण? इथं मात्र पुस्तक स्वतःच्या पायावर पाय देतंय. पाचव्या पुस्तकात (२००३) मंत्रालयातलं टाइम टर्नरचं कपाटच फुटतं, म्हणजे लेखिकेनं ती भानगड मिटवून टाकली. फोडून टाकणं हे काय उत्तर नव्हे, पण निदान पुढची गोष्ट वाचली. आणि २०१६ च्या नाटकात भूतकाळ चक्क बदलतो, दर वेळी नवीनच वर्तमान तयार होतं, ते तिसऱ्या पुस्तकाशी कुठंच जुळत नाही. मी ते नाटक हॅरी पॉटरमध्ये धरत नाही, कट्ट्यावरचे बरेच जण धरतात, तो वाद चालू आहे.

टाइम ट्रॅव्हलचा बरोबर नियम कुठला?

कुठलाही चालतो, एक पकडा. 'टर्मिनेटर'मध्ये (१९८४) काइल रीझ भविष्यातून येतो आणि ज्या जॉनला वाचवायला आलाय त्याचाच बाप होतो, गोल बंद झाला, छान. 'बॅक टू द फ्यूचर'मध्ये (१९८५) एक पोरगा तीस वर्षं मागं आईबापांच्या तरुणपणी जातो, तिथं भूतकाळ बदलला की फोटोतली माणसं हळूहळू पुसट होतात, तो पण नियम चालतो, सिनेमा तो शेवटपर्यंत पाळतो. (आणि आईबापांना मुलाचा चेहरा ओळखता कसा आला नाही म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, तीस वर्षांपूर्वी आठवडाभर वर्गात आलेल्या पोराचं तोंड तुम्हाला आठवतंय का.)

खरा होल टर्मिनेटरच्या दुसऱ्या भागात आहे. पहिल्या भागात सांगितलंय की यंत्रातून फक्त जिवंत शरीर किंवा जिवंत मांसानं झाकलेली वस्तूच येऊ शकते, म्हणून बंदुका आणता येत नाहीत, म्हणून सगळे उघडे येतात. १९९१ च्या भागातला मारेकरी रोबो टी-१००० पूर्ण पातळ धातूचा, त्याच्यावर मांस नावाला नाही, तो कसा आला? पडद्यावर उत्तर नाही. सिनेमा मला दोन्हींत हाच जास्त आवडतो, तरी होल तो होल.

एंडगेममधला म्हातारा कॅप्टन अमेरिका?

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' या २०१९ च्या सिनेमात बॅनर सांगतो की भूतकाळात काही केलं तरी तुमचा वर्तमान बदलत नाही, एन्शंट वन म्हणते इन्फिनिटी स्टोन (जादूचा खडा) काढून घेतला तर काळाला वेगळी फांदी फुटते. मग कॅप भूतकाळातच राहिला, पेगीबरोबर आयुष्य काढलं, आणि त्याच तळ्याकाठच्या बाकड्यावर म्हातारा होऊन बसलेला दिसतो. दुसऱ्या फांदीत राहिला असेल तर इकडं आला कसा, याच फांदीत राहिला असेल तर इतकी वर्षं गप्प कसा बसला? दिग्दर्शक म्हणाले वेगळी फांदी, पटकथा लिहिणारे म्हणाले हीच. म्हणून मी म्हणतो मुलाखतींवर निकाल लावू नका, बनवणाऱ्यांचंच आपसात जमत नाही.

पुढच्या सिनेमात किंवा पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त केली तर चालेल का?

चालेल, पण ठिगळ चांगलं पाहिजे. सगळ्यात चांगलं ठिगळ 'स्टार वॉर्स'चं आहे. १९७७ च्या सिनेमात एवढा चंद्राएवढा डेथ स्टार दोन मीटरच्या भोकात टॉर्पेडो टाकून उडतो, लोकांनी चाळीस वर्षं नावं ठेवली. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये कळतं की तो बांधणाऱ्या गेलन अर्सोनंच मुद्दाम ती कमजोरी आत ठेवली होती, सूड म्हणून, मुलीसाठी. नुसता खुलासा नाही, त्यातून अख्खी नवीन गोष्ट उभी राहिली आणि जुना सिनेमा परत बघताना अंगावर काटा येतो.

मधलं ठिगळ: हॅन सोलो बारा पार्सेकच्या आत केसल रन नावाची फेरी केली म्हणून फुशारकी मारतो, आता पार्सेक हे अंतर, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं, वेळ नव्हे. २०१८ च्या सिनेमात दाखवलं की त्यानं धोक्याचा जवळचा रस्ता पकडला, म्हणून अंतर कमी पडलं. ठीक, जमवलं.

वाईट ठिगळ: 'स्टार वॉर्स'च्याच २०१७ च्या भागात होल्डो नावाची सेनानी प्रकाशाच्या वेगानं जहाज घालून शत्रूचं आरमार चिरते. दृश्य जबरदस्त आहे, आवाज बंद होतो, थिएटर गार पडतं. पण मग डेथ स्टारवर एखादं रिकामं जहाज असं का नाही सोडलं? २०१९ च्या भागात एका वाक्यात सांगून टाकलं की ती लाखात एखादी गोष्ट होती. हे उत्तर नाही, ही टाळाटाळ आहे.

छापील चूक दुरुस्त केल्याचं उदाहरण म्हणजे हॅरी पॉटरचं चौथं पुस्तक 'गॉब्लेट ऑफ फायर'. २००० च्या सुरुवातीच्या प्रतींत व्होल्डेमॉर्टच्या कांडीतून त्यानं मारलेल्यांच्या सावल्या निघतात, त्यात हॅरीचे वडील आधी बाहेर येतात आणि आई नंतर. पण कांडीतून शेवटचा खून आधी बाहेर पडतो असा नियम, आणि आई नंतर मारली गेली होती, म्हणजे ती आधी यायला पाहिजे. पुढच्या आवृत्तीत क्रम बदलला. वाचकांनी एवढं बारीक वाचावं आणि लेखिकेनं मुकाट्यानं सुधारावं, मला हे फार भारी वाटतं.

विज्ञान चुकलं तर ते प्लॉट होल का?

गोष्टीची सुरुवातच ज्या एका थापेवर आहे ती माफ. 'ज्युरासिक पार्क'मध्ये अंबरात (झाडाच्या गोठलेल्या चिकात) अडकलेल्या डासातून डायनोसॉरचा डीएनए मिळणं ही ती थाप. २०१२ च्या एका अभ्यासात हाडांमधल्या डीएनएचं अर्धआयुष्य (निम्मा नष्ट व्हायला लागणारा काळ) ५२१ वर्षं निघालं आणि डायनोसॉर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, तेव्हा हिशोब काय बसायचा नाही, पण ती थाप काढली तर सिनेमाच उरत नाही. त्याच 'ज्युरासिक पार्क'मध्ये (१९९३) टी-रेक्स कुंपण तोडून जिथून सपाट जमिनीवर चालत बाहेर येतो त्याच जागी थोड्या वेळानं खोल दरी असते आणि गाडी तिच्यात ढकलली जाते, हे मात्र माफ नाही, याला जीवशास्त्र लागत नाही, डोळे लागतात.

'ग्रॅव्हिटी'चं (२०१३) उदाहरण दोघांच्या मधलं. हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत तरंगत जातात, पण हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशात तिरकी, स्टेशनची ५१.६ अंशात, उंची पण वेगळी. एवढी कक्षा बदलायला लागणारं इंधन पाठीवरच्या जेटपॅकमध्ये मावत नाही. ज्याला हे माहीत आहे त्याला खटकतं, बाकीच्यांना नाही, आणि सिनेमानं स्वतः कक्षेबद्दल काही नियम सांगितला नव्हता. मी याला चूक म्हणतो, होल म्हणत नाही.

अदृश्य माणसाला दिसतं कसं?

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. प्रकाश तुमच्या आरपार जात असेल तर डोळ्याच्या पडद्यावर अडणार काय, आणि अडलं नाही तर दिसणार काय, म्हणजे अदृश्य माणूस आंधळाच पाहिजे. 'मिस्टर इंडिया'मध्ये (१९८७) याचं उत्तर नाही, पण लाल प्रकाशात दिसतो हा जो नियम घातलाय तो सिनेमा इमानदारीनं पाळतो, आणि शेवटी महत्त्वाचं तेच.

पण एच. जी. वेल्सचं १८९७ चं 'द इनव्हिजिबल मॅन' काढा आणि त्यातला अदृश्य माणूस ग्रिफिन आरशासमोर उभा राहतो ते वाचा. आरशात काहीच नाही, फक्त डोळ्यांच्या पडद्यामागं धुक्यापेक्षा पुसट असा थोडासा रंग उरलाय. एवढंच, अर्ध्या वाक्यात. त्या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी आपला प्रश्न आधीच ओळखून गोष्टीच्या आत, पानावर, तेवढी फट बुजवायची सोय करून ठेवलीय. कुणी विचारलं की चांगला लेखक म्हणजे काय, तर मी हे अर्धं वाक्य दाखवतो.

गेम ऑफ थ्रोन्सचं काय बिघडलं?

अंतर बिघडलं. पहिल्या भागात राजा राजधानीतून विंटरफेलला येतो तेव्हा राणी म्हणते, महिनाभर प्रवास चाललाय. म्हणजे ते जग एवढं मोठं आहे हे त्यांनीच सांगितलं. सातव्या सीझनमध्ये (२०१७) भिंतीपलीकडं मंडळी तळ्यात अडकतात, गेंड्री पळत भिंतीवर जातो, तिथून निरोपाचा कावळा लांबच्या ड्रॅगनस्टोनला उडतो, डॅनेरिस ड्रॅगन घेऊन परत येते, आणि हे लोक अजून त्याच खडकावर. सांगलीकराला हे पचणं अवघड आहे हो. कोयनेतून पाणी सोडलं की कराडला कधी पोचणार आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला कधी लागणार हा हिशोब इथं पावसाळ्यात घराघरात चालतो, बायकामाणसं पण फूट आणि तास तोंडपाठ सांगतात, ४५ फुटाला धोक्याची पातळी हे पोरांना सुद्धा माहीत. अंतराला वेळ लागतो हे आमच्या अंगात मुरलंय.

आणि २०१९ मध्ये शत्रूच्या आरमाराच्या हल्ल्यावर बनवणाऱ्यांनी काय सांगितलं, तर डॅनेरिस ते आरमार जरा विसरली. त्याच भागात थोडं आधी नकाशावर त्याच आरमाराची चर्चा झालेली असते.

पात्र मूर्खासारखं वागलं तर?

घाबरलेला, रागावलेला, प्रेमात पडलेला माणूस मूर्खासारखा वागतोच. होल नाही. फक्त हुशार दाखवलेलं पात्र लेखकाची सोय म्हणून एका सीनपुरतं बुद्दू होत असेल तर मी तक्रार करतो.

कंसानं देवकी-वसुदेवांना एकाच कोठडीत का ठेवलं?

हा प्रश्न दर जन्माष्टमीला मोबाईलवर फिरतो. चेष्टा करायची असेल तर आमच्याकडं नको, पण मनापासून विचारत असाल तर भागवत बघा. कंस सुरुवातीला त्यांना कोंडतच नाही, प्रत्येक मुलगा आणून देईन असं वसुदेव वचन देतात आणि पहिला मुलगा खरंच घेऊन येतात तेव्हा कंस खूश होऊन त्याला परत पाठवतो. नारदांनी येऊन कान भरल्यावर मग बेड्या पडतात. म्हणजे कंस हा घटकेत विश्वास टाकणारा, घटकेत बिथरणारा, स्वतःच्या ताकदीवर जरुरीपेक्षा जास्त भरवसा असलेला माणूस आहे, आणि असा माणूस असंच करणार.

मराठीत असं काही आहे का वाद घालण्यासारखं?

आहे की! जयंत नारळीकर. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्म, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, नाव बघून कुणी मार्क देऊ नयेत म्हणून, आणि पहिला नंबर आला. त्यांच्या पानिपतच्या गोष्टीवर आम्ही अख्खा पावसाळा काढलाय. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जातात जिथं विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि १७६१ ला मराठे जिंकतात. येताना खिशात बखरीचं फाटकं पान येतं. आता विचार येऊ शकतो, आठवण येऊ शकते, पण कागद? यावर आमच्यातल्या एका इंजिनियर दादाचं म्हणणं असं की अख्खा माणूस कपड्यांसकट जाऊन आला तर कागदानं काय घोडं मारलंय, आणि मला ते पटतं.

मग गाडी हमखास इकडं वळते: पानिपत जिंकलं असतं तर सांगली संस्थान तरी झालं असतं का? १८०१ च्या सुमारास पटवर्धनांच्यात वाटणी होऊन सांगली मिरजेपासून वेगळी झाली. ती वाटणी झालीच नसती तर भाव्यांना राजाश्रय कुणी दिला असता, नाटक कुठं झालं असतं? मिरजेची पोरं या प्रश्नावर फार खूश होतात.

चुका काढत बसल्यावर मजा जात नाही का?

नाही. ज्या सिनेमाशी घेणंदेणं नाही त्याचे होल कोण शोधतंय? वरची नावं बघा, सगळी जीव लावून बघितलेली.

नवीन माणसानं येताना काय तयारी करावी?

ज्याच्यावर बोलायचंय ते पूर्ण बघितलेलं किंवा वाचलेलं पाहिजे, रील बघून नको. पुस्तक असेल तर घेऊनच या, पान उघडून दाखवलं की निम्मी भांडणं तिथंच मिटतात. कुणाला "तुला काय कळतंय" म्हणायचं नाही, विशेषतः शाळेतल्या पोरांना, कारण टी-रेक्सची दरी आम्हाला एका सातवीतल्या मुलीनं दाखवली, काडीनं मातीत कुंपण, रस्ता आणि गाडी काढून.

अजून न सुटलेला वाद कुठला?

हॅरी पॉटरमधला मरॉडर्स मॅप, शाळेचा जादूचा नकाशा. त्या नकाशावर प्रत्येकाचं खरं नाव दिसतं, वेषांतर केलं तरी. फ्रेड आणि जॉर्ज या जुळ्या भावांकडं तो कितीतरी वर्षं होता, आणि त्यांच्याच भावाच्या खोलीत उंदीर होऊन पीटर पेटिग्रू झोपत होता. दिसला कसा नाही? एक बाजू म्हणते ते नकाशा चोरवाटा आणि शाळेचा रखवालदार फिल्च बघायला वापरायचे, लहान भावाच्या खोलीत कशाला बघतील, आणि हजार नावांत एक नाव दिसलं तरी पीटर पेटिग्रू कोण हे त्यांना काय माहीत. दुसरी बाजू म्हणते की शिक्षक लुपिनला तो एका संध्याकाळी दिसतो मग यांना वर्षानुवर्षं कसा नाही. मी पहिल्या बाजूला आहे, पण दुसऱ्या बाजूनं मागच्या वेळी नवीन मुद्दा काढलाय की दुसऱ्याच्या बिछान्यात रोज एक अनोळखी नाव दिसणं ही गोष्ट फ्रेड-जॉर्जसारख्या पोरांनी चेष्टेला का नाही वापरली, आणि त्याला माझ्याकडं अजून पानावरचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाकडं असेल तर पुस्तक घेऊन रविवारी या.